सोन्याची सत्ती दाखवणारी कवळी

मित्रांनो, मानवी संस्कृती खालच्या जबड्यावर उभी आहे. वरचा जबडा कवटीला जखडलेला असतो, तो जन्मभर जागचा हलत नाही. घास चावतो तो खालचा. शपथ घेतो, शिवी देतो, भाषण ठोकतो आणि भाषण ऐकताना जांभई देतो तोही खालचाच. राज्ये उभी राहिली आणि बुडाली ती याच एका हाडाच्या हालचालीमुळे. अशा या थोर हाडावर विराजमान होण्याचा मान मला मिळाला.

मी एक जुनी कवळी आहे. खालची. मान मिळाला, पण बसायला धड जागा मिळाली नाही, एवढीच माझी कहाणी आहे.

माझा जन्म पराना नदीकाठच्या आमच्या शहरात, कवळ्या बनवणाऱ्या सुलेमाबाईंच्या कामाच्या टेबलावर झाला. माझे मालक ओविदिओ यांचा लग्नातला फोटो समोर ठेवून सुलेमाबाईंनी मेणात एकेक दात रोवला. फोटोत मालकांचा खालचा डावा सुळा किंचित तिरका होता, म्हणून माझाही तिरका लावला. खोटं करायचं तर खोडीसकट करावं, असं त्यांचं मत होतं. मग मला साच्यात घालून शिजवलं, घासलं, चकाकी आणली. माझ्याबरोबर माझी थोरली बहीणही जन्मली. वरची कवळी.

बहिणीबद्दल मी वाईट बोलणार नाही. थोडंसंच बोलेन. तिला टाळूचा अख्खा घुमट मिळाला. ओल्या टाळूला एकदा चिकटली की ही बाई संध्याकाळपर्यंत हलत नाही. आयतं बसून खाणं म्हणतात ते हेच. मला मिळाली घोड्याच्या नालेसारखी अरुंद हिरडी, तीही दरवर्षी झिजणारी. बाहेरून गाल ढकलतो, पुढून ओठ ढकलतो आणि आतून जीभ. मालक शिंकले की मी उठायचे. हसले की उठायचे. निखाऱ्यावर भाजलेली बरगडी दिसली की नुसत्या विचारानंच मी अर्धी उठायचे.

आता हा त्रास कुठल्याही खालच्या कवळीला असतो, आणि आमच्या जातीत तो सोसायची रीत आहे. पण माझे मालक त्रुको खेळायचे.

त्रुको हा पत्त्यांचा खेळ, पण बदाम-किलवरऐवजी तलवार, सोटा, सोनं आणि पेला अशा चार रंगांचा. दोघांविरुद्ध दोघे, भिडू समोरासमोर. आपल्या हातात काय आहे ते भिडूला तोंडाच्या खुणेनं सांगायचं, आणि विरुद्ध बाजूला कळू द्यायचं नाही. खूण करायला परवानगी आहे. पकडलं जाणं हा तुमचा मूर्खपणा. भुवया उंचावल्या तर तलवारीचा एक्का. डोळा मारला तर सोट्याचा एक्का. तोंडाचा कोपरा उजवीकडे ओढला तर तलवारीची सत्ती, डावीकडे ओढला तर सोन्याची सत्ती. खालचा ओठ चावला तर तिर्री. मुका घेतल्यासारखे ओठ पुढे काढले तर दुर्री. म्हणजे मित्रांनो, अर्धा खेळ हातात, आणि उरलेला अर्धा नेमका माझ्या अंगावर.

मालक सत्तावीस वर्षं धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर होते. त्यांचे भिडू होते सायकल दुरुस्त करणारे कासिमिरो. त्यांना सगळे पोलाको म्हणत, आणि पोलाको माझ्या मालकांना बास्को म्हणत. दोघं एकतीस वर्षं दर गुरुवारी वस्तीच्या क्लबात एकाच टेबलावर बसत. पोलाको मालकांच्या तोंडाकडे असं बघायचे, जसं खलाशी आभाळाकडे बघतो.

मी तोंडात आले आणि आभाळ बिघडलं. ओठ चावायला गेलं की मी पुढून उचलली जायचे. म्हणून मालकांनी तोंडाच्या खुणाच बंद केल्या. नुसत्या भुवयांवर किती दिवस खेळणार? पोलाको विचारू लागले, तोंडाला झालंय तरी काय. मालकांनी सांगितलं, वारा लागलाय, गाल आखडलाय. खरे दात गेले हे त्यांनी क्लबात कुणालाच सांगितलं नव्हतं. तिरक्या सुळ्याचा त्यांना फार आधार वाटत होता. दोन वर्षं तो वारा लागूनच राहिला, आणि दोन्ही वर्षं नोव्हेंबरच्या स्पर्धेत ही जोडी पहिल्याच फेरीत गेली.

त्या सुमारास मालकिणीनं, इर्माबाईंनी, औषधाच्या दुकानात एक चिठ्ठी वाचली. दातांच्या कॉलेजात बिनदाताच्या माणसांवर अभ्यास होणार होता. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवणार, म्हणजे हाडात दोन स्क्रू. मग त्यांच्यावर कवळी अडकवायचे तीन वेगळे जोड, एकेक जोड तीन-तीन महिने, त्याच माणसाच्या तोंडात, त्याच कवळीला. शेवटी माणसानं आवडेल तो ठेवायचा. कवळीला काय आवडेल, हे चिठ्ठीत कुठं नव्हतं.

डॉक्टर लुसेरो नावाच्या तरुण बाई हा अभ्यास करत होत्या. त्या भल्या होत्या, प्रामाणिक होत्या, आणि त्यांच्या हातात ड्रिल होतं. त्यांनी माझ्या पोटाला पुढच्या बाजूला दोन खड्डे पाडले.

पहिला जोड गोळीचा. दोन स्क्रूंवर दोन छोट्या गोळ्या, आणि माझ्या खड्ड्यांत दोन रबरी कडी. गोळी कड्यात शिरली की टक्. ती टक् मी कधी विसरणार नाही. जन्मात पहिल्यांदा मी कुठंतरी बसले होते. मालकांनी त्याच दुपारी मक्याचं कणीस खाल्लं, अख्खं, आडवं धरून, आणि इर्माबाई हातातलं काम टाकून बघत उभ्या राहिल्या. गुरुवारी मालकांनी खालचा ओठ चावून दाखवला तेव्हा पोलाकोंचा चेहरा उजळला. वारा गेला वाटतं, असं ते म्हणाले. मालकांनी मान डोलावली. खरं सांगायची ती वेळ होती. पण सुखात कबुली द्यायची सवय कुणालाच नसते.

पण रबर ते रबर. दहाव्या आठवड्यापर्यंत कडी सैलावली. मागच्या दाढांनी चावलं की पुढून मी उठायचे, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. डॉक्टरबाईंनी मला एका यंत्राला लावून वर ओढलं आणि किती जोर लागला तो आकडा लिहिला. कडी बदलायचं पाच मिनिटांचं काम त्यांनी मुद्दाम केलं नाही. जोड किती झिजतो हेच त्यांना बघायचं होतं.

मग मालकांपुढं एक कागद आला. त्यावर सरळ रेघा होत्या. एका टोकाला ‘मुळीच समाधान नाही’, दुसऱ्या टोकाला ‘पूर्ण समाधान’, मधे फुली मारायची. चावणे, बोलणे, दिसणे, स्वच्छता. मालकांनी कागद उलटा करून मागेही पाहिलं.

“डॉक्टरीणबाई, यात त्रुको कुठं लिहू?”

बाईंनी गंभीरपणे विचार केला. “बोलण्याखाली लिहिता?”

“बोलायचं नसतं, हाच तर खेळ आहे.”

“मग ‘इतर’ मध्ये लिहा.”

मालकांनी ‘इतर’ मध्ये बारीक अक्षरात तेरा ओळी लिहिल्या. पुढच्या वेळी बाईंच्या संगणकावर त्या रकान्यात ‘लागू नाही’ असं होतं. मी खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये होते, मला स्वच्छ दिसलं. ओरडावंसं वाटलं. पण मित्रांनो, कवळीतून सगळं जग बोलतं, कवळीला मात्र बोलता येत नाही.

दुसरा जोड चुंबकाचा. गोळ्या गेल्या, त्यांच्या जागी चपट्या टोप्या आल्या, आणि माझ्या पोटात दोन चुंबक बसले. मालकांच्या बोटांचे सांधे सुजलेले, त्यांना हा जोड फार आवडला. मला तोंडाजवळ नेलं की मी आपली आपण जागेवर. इर्माबाईंना तर अति आवडला. एकदा मी धुवून ठेवल्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चिकटले, तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हाताऱ्या, तुलाच फ्रिजला लावून ठेवते, म्हणजे हरवायला नकोस.” रेघेवर दोघांनी मिळून भलतीच उजवीकडे फुली मारली.

पण चुंबक सरळ वर ओढलं तरच धरून ठेवतो. बाजूनं ढकललं की ओल्या फरशीवरच्या साबणासारखा सरकतो. जिभेनं जरा रेटलं की मी डावीकडे. डावीकडे गेले की तोंडाचा कोपरा डावीकडे. आणि नोव्हेंबर आला होता.

हे मालकांना आरशात दिसलं तेव्हा ते कॉलेजात गेले आणि म्हणाले की मला आधी तिसरा जोड द्या, हा मागून करू. डॉक्टरबाईंनी समजावलं. कुणाला कुठला जोड कधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरलंय, बंद पाकिटात आहे. प्रत्येकानं आपल्या सोयीनं क्रम बदलला तर अभ्यासाला अर्थ उरणार नाही. मालकांनी आयुष्यभर काटा राखला होता. काट्यावर अंगठा ठेवायचा नसतो हे त्यांना पटलं. पटलं हेच वाईट झालं. दुसरा एखादा भांडला असता.

पोलाकोंना जाऊन सांगणं हा दुसरा उपाय होता. मालकांनी तिसरा निवडला. तोंड घट्ट मिटून खेळायचं.

आणि काय सांगू, त्या वर्षी पत्ते असे आले की ही जोडी थेट अंतिम फेरीत गेली. समोर स्कालिसे बंधू, दोघंही खाटीक. बक्षीस म्हणून भिंतीशी एक भाजायचं डुक्कर टांगलेलं, त्याचं पोट कसं चिरावं यावर त्यांची चर्चा आधीच सुरू झालेली. खेळ तीस गुणांचा. आम्ही अठ्ठावीस, ते सव्वीस. शेवटचा हात वाटला. मालकांच्या हाती आली चव्वी, पंजी आणि छक्की. याहून फडतूस पत्ते छापखान्यात मिळत नाहीत. मालकांनी चेहरा दगडासारखा ठेवला. खूण नाही, म्हणजे काही नाही, पोलाको समजून घेतील.

थोरल्या स्कालिसेनं “त्रुको” म्हणून डाव चढवला. जाऊ दे म्हटलं असतं तर एकच गुण गेला असता. तेवढ्यात मालकांनी आवंढा गिळला. जीभ उचलली गेली, माझ्या डाव्या बगलेला आतून लागली, आणि मी सरकले. डावीकडे. सावकाश, ठसठशीत, पुस्तकात चित्र छापावं इतकी सुबक. सोन्याची सत्ती.

पोलाकोंनी ती पाहिली. क्षणभर पाहत राहिले. मग त्यांनी डाव आणखी चढवला. स्कालिसेंनी वरचा चढवला, चार गुणांचा, शेवटचा. पोलाको “चालेल” म्हणाले. मला मागे सरकता येईना. सगळे पत्ते टेबलावर आले तेव्हा मालकांपुढं चव्वी, पंजी आणि छक्की पडलेली होती. धाकट्या स्कालिसेनं ती बोटानं मोजली आणि म्हणाला, “बास्को, पुढची सत्ती कुठाय? वाटेत उतरली का?”

विरोधकाला फसवणारी खूण करणं हे आमच्याकडे कसब समजतात. स्वतःच्या भिडूला खोटी खूण करणाऱ्याला नाव नाही. पोलाको उठले. टोपी घातली, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

घरी इर्माबाईंनी सांगून पाहिलं, जाऊन सांग त्याला खरं काय ते. मालक भांड्यातलं माते, आमचा कडू पाल्याचा चहा, नळीनं ओढत राहिले. धातूची नळी माझ्या पुढच्या दातांवर आपटत होती.

“काय सांगू?” ते म्हणाले. “एकतीस वर्षं ज्या तोंडावर त्यानं भरवसा टाकला ते तोंड सुलेमानं केलंय म्हणून?”

“तोंड नाही, दात. तोंड तुझंच आहे. रोज ऐकते मी.”

तिसरा जोड दांडीचा. दोन स्क्रूंना जोडणारी आडवी धातूची दांडी, आणि माझ्या पोटात तिला पकडणारे चिमटे. त्यासाठी मला आणखी पोखरलं आणि वरून आणखी थापलं. मी पहिल्यांदा हलूच शकेना. यंत्रानं मला ओढलं तेव्हा आकडा बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, “उत्कृष्ट.” माझ्या आयुष्यातलं हे एकमेव कौतुक, आणि तेही दांडीचं होतं.

पण त्या दांडीखाली मक्याची सालं अडकत, पावाचा चुरा अडके. तिथं घालायचा बारीक ब्रश सुजलेल्या बोटांत धरवत नव्हता. हिरडी लाल झाली. आणि मी इतकी जाड झाले होते की मालकांचा खालचा ओठ कायम पुढं आलेला. गप्प बसले तरी दुर्री. मासेवाल्या बाईंनी दोनदा मालकांकडे रोखून पाहिलं. पण खरी चीड याची नव्हती. मी आता खडकासारखी घट्ट होते, आणि समोर भिडू नव्हता. तोंड बंद ठेवायला हवं होतं तेव्हा सरकले, आता सरकत नव्हते तर ते तोंड कुणाला दाखवायचंच नव्हतं. नऊ महिने मला पोखरलं, थापलं, ओढलं, मोजलं, ते याच्यासाठी?

मार्चमधल्या एका सकाळी मालक सायकलच्या दुकानात गेले. पोलाको एका ट्यूबचं पंक्चर काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. मालकांनी तोंडात अंगठे घातले, जोर लावून मला ओढून काढलं आणि ट्यूब, पाना आणि रबराच्या ठिगळांमध्ये ठेवलं. मग खूप वेळ काहीतरी बोलले.

पोलाकोंनी हात पुसले. “ते तोंडात घाल आधी. एक अक्षर कळत नाहीये.”

मी परत आत गेले. मालक म्हणाले, “ती सत्ती माझी नव्हती. हिची होती.”

“तुला कवळी आहे हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. अख्ख्या क्लबाला ठाऊक आहे. तू टॉफी चावतोस तेव्हा तुझे कान हलतात.”

“मग डाव का चढवलास?”

“मला वाटलं, एकतर सत्ती असेल नाहीतर दात असतील. विचारायची सोय नव्हती. मी बाजी तुझ्यावर लावली.”

 पोलाकोंनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघत बसले, आणि मग न बघताच म्हणाले, “हरल्याचा राग नाही रे. कवळी खोटं बोलली, ती बिचारी कवळी आहे. वारा लागलाय हे कोण बोललं? दोन वर्षं विचारत होतो मी. दात डावीकडे सरकतात एवढं सांगितलं असतंस, तर डावीकडची सत्ती मी धरलीच नसती. दुसरी खूण ठरवली असती. नाक खाजवलं असतंस.”

“लाज वाटली.”

“माझी?”

 पोलाकोंनी दुसरं स्टूल पायानं पुढं ढकललं. उरलेली सकाळ तिथंच गेली, आणि त्यात त्रुकोचा एक शब्दही नव्हता.

त्या महिनाअखेरीला जोड निवडायचा दिवस आला. पोलाकोही आले. डॉक्टरबाईंच्या कागदानुसार दांडी घट्टपणात पहिली, चुंबक वापरायला सोपा, गोळी मधली. पोलाको म्हणाले, तिन्ही एकदा लावून दाखवा, मी समोर बसतो. असं करायची रीत नव्हती. पण मोजमापं संपली होती, पाकिटं फोडून झाली होती, आणि बाईंनाही आता उत्सुकता होती. त्यांनी सकाळभर जोड बदलले. पोलाको स्टुलावर बसून मालकांच्या तोंडाकडे बघत. दांडी लावली तेव्हा म्हणाले, दुर्री. मालक म्हणाले, मी काहीच केलं नाही. चुंबक लावला, मालकांनी आवंढा गिळला. पोलाको म्हणाले, हीच ती, डुक्कर नेणारी. मग गोळी लावली, नवी रबरी कडी घालून. मालकांनी ओठ चावला. तिर्री. कोपरा उजवीकडे, मग डावीकडे. मग नुसते बसले, आवंढा गिळला, खोकले, बाईंच्या एका विनोदाला हसले. पोलाको बराच वेळ बघत राहिले.

“काही नाही,” ते म्हणाले. “तोंड रिकामं आहे.”

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची खूण कुठल्याच पत्त्याला लागू नाही.

ठरलं. सैल झाली की कडी बदलायची. कधी सैल झाली हे यंत्र नव्हे, पोलाको सांगतात. गुरुवारी मधेच म्हणतात, बास्को, तिर्री लटपटतेय, कॉलेजात जाऊन ये. पुढच्या स्पर्धेत ही जोडी उपांत्य फेरीत हरली. पत्ते खरोखरच वाईट होते. दोघांना फार समाधान वाटलं.

डॉक्टरबाईंचा अभ्यास छापून आला. त्यांनी मालकांना प्रत दिली, आणि इर्माबाईंनी ती टेबलावर माझ्याशेजारी ठेवली. तिथं लिहिलं होतं की तिन्ही जोडांच्या समाधानात लक्षणीय फरक आढळला नाही. खाली बारीक टाइपात, एका रुग्णाने ‘इतर’ कारणांसाठी गोळीचा जोड निवडला. मित्रांनो, तो ‘इतर’ मी नऊ महिने सोसला आहे.

आता मला अकरा वर्षं झाली. दात झिजलेत, गुलाबी रंग फिकुटलाय, पोटातल्या तीन वेळच्या खड्ड्यांची ठिगळं मोजता येतात. पण मी जागेवर आहे. म्हणून जाताना चार शब्द सांगते. वस्तू कितीही उत्तम असो, ती कुणाच्या तोंडात, कुणासमोर, कशासाठी बसणार हे आधी विचारा. जे झिजतं ते फेकून देऊ नका, वेळेवर बदला. आणि माणसांनो, आपल्यातलं काय सैल झालं आहे ते समोरच्या भिडूला सांगत चला. एवढं केलंत तर जबडे टिकतील, घरं टिकतील, कदाचित जगही टिकेल.

आणि टेबलाजवळून कुणी जाणार असेल, तर माझ्या पेल्यातलं पाणी बदला. मंगळवारचं आहे.